तिसरी दुर्बीण

"एकशे बारा," डॉक्टरसाहेब म्हणाले. दुर्बीण डोळ्याला तशीच धरून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "दोनशे चाळीस. हॅ! आता चौऱ्याण्णव. अरे, हा खांब आहे की भूत?"

खेळाच्या सामानाचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खिडकी उघडी होती, खाली रस्ता होता आणि रस्त्याच्या टोकाला, वळणावर, दिव्याचा एक खांब उभा होता. खांब बिचारा बसवल्यापासून जागचा हलला नव्हता.

"शहाऐंशी यार्ड," मागून टेप म्हणाला.

"तू गप रे. तुला सुट्टी द्यायची म्हणून तर यंत्र घेतोय."

दुकानातला विक्रेता हसला, डॉक्टरसाहेब हसले आणि मग टेपही हसला. कुठलेही साहेब हसले की हसायचं, ही तीस वर्षांची सवय होती. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण गोल्फ क्लबात ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणारे कॅडी तिथे चाळीस होते. त्यांतला हा एकटाच असा, की नुसती मान वर करून, चेंडू ज्या भोकात घालायचा त्यातल्या झेंड्यापर्यंतचं अंतर सांगायचा आणि तो आकडा कधी दोन यार्डांनीसुद्धा चुकायचा नाही. कुणीतरी कधीतरी त्याला टेप म्हटलं आणि ते चिकटलं. पोरसवदा कॅडी टेपकाका म्हणायचे.

आणि साहेबांना यंत्र हवं होतं तेही काही टेपवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. उलटच होतं. येत्या गुरुवारी टेपच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते साहेब स्वतः करणार होते आणि त्यानंतर महिनाभर टेप घरी राहणार होता. "तू नसलास तर मला आकडा कोण सांगणार? घेऊ एक दुर्बीण. बायको ठणठणीत झाली की दुर्बीण कपाटात," असं म्हणून साहेबांनीच त्याला गाडीत घालून दुकानात आणलं होतं. वर म्हणाले होते, "निवड तूच करायची. मला त्यातलं काय कळतंय?"

गंमत साधी होती. दुर्बिणीतून झेंड्याची काठी धरायची आणि बटण दाबायचं. आतून निघालेला किरण काठीवर आपटून परत येतो आणि आत लाल आकडा उमटतो. काठी नीट सापडली की यंत्र हातात बारीकसं गुरगुरतं. हात हलला तर किरण काठीच्या बाजूने निसटतो आणि मागच्या झाडाचं नाहीतर भिंतीचं अंतर घेऊन येतो.

विक्रेत्याने काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या होत्या. पहिली हलकी, मुठीत मावणारी. दुसरी चढउताराचा हिशेब धरून आकडा सांगणारी. तिसरी जाड, काळी, बाकीच्या दोघींची थोरली बहीण शोभेल अशी.

साहेबांनी पहिली ठेवून दुसरी उचलली. एकशे वीस. एकशे अठरा. दोनशे एक्केचाळीस. "भंगार आहे हे," ते म्हणाले.

टेपचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. दुर्बिणीला मनगटात अडकवायची एक काळी दोरी होती आणि ती खाली लोंबत होती. ती दोरी हलत होती. खिडकी उघडी होती खरी, पण वारा नव्हता. वारा आहे की नाही, हे टेपला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"तू बघ," म्हणून साहेबांनी दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्याने डोळ्याला लावली. खांब सापडला, यंत्र गुरगुरलं. शहाऐंशी. त्याने पहिलीही लावून बघितली. शहाऐंशी. यंत्र भंगार नव्हतं.

"साहेब, मग ही तिसरी बघाच," विक्रेता उत्साहाने म्हणाला. "हिच्यात चित्र आपोआप स्थिर राहतं. हात थरथरत असला तरी फरक पडत नाही. वय झालं की बरेच लोक हीच नेतात."

साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पोरगा अर्ध्यावरच थांबला.

"बाबा रे," ते म्हणाले, "हा हात रोज लोकांच्या डोळ्यात शिरतो. केसाएवढी जागा असते तिथं. थरथरून कसं चालेल?"

"नाही, तसं नाही साहेब, मी आपलं सगळ्यांना सांगतो ते..."

"पहिल्या दोन दे. मैदानावर बघतो आणि मंगळवारी एक परत करतो."

विक्रेता ओशाळला होता. भरपाई म्हणून की काय, त्याने तिन्ही दुर्बिणी पिशवीत भरल्या. "तिन्ही न्या साहेब, मंगळवारीच सांगा," म्हणाला. पिशवी टेपने उचलली. जिना उतरताना साहेबांनी कठड्याला हात लावला होता आणि दुसरा खिशात होता. टेप मागून एकेक पायरी उतरत त्या खिशाकडे बघत होता.

आता त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. चार महिन्यांपूर्वी साहेबांनी टीवर चेंडू ठेवायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. टी म्हणजे बोटभर लाकडी खुंटी. ती जमिनीत रोवायची आणि तिच्या टोकावर चेंडू बसवायचा. "कंबर धरते रे," साहेब म्हणाले होते आणि टेप रोज वाकून चेंडू ठेवत होता. विश्रांतीच्या शेडमध्ये साहेब चहाचा कप अर्धाच भरायला सांगायचे. "झोप येत नाही मग," म्हणायचे. भोकाजवळचे दोन-दोन फुटांचे फटके हुकायला लागले तेव्हा दोष गवताचा निघाला होता, आणि तो टेपनेच काढला होता.

म्हणजे त्याला कळलं नव्हतं असं नाही. कळत होतं, पण साहेब कंबर म्हणाले तर आपण कंबर धरून बसलो, असं ते होतं. परक्याच्या दुखण्यात नाक खुपसायचं कशाला? आता मात्र गुरुवार तोंडावर आला होता.

त्याला कामाला लावणारा जुना हेड कॅडी कडक माणूस होता. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, "आकडा सांगायचा, मत सांगायचं नाही. खेळणाऱ्याची चूक दिसली तरी त्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विचारलं तरी एकाच वाक्यात सांगायचं." तो माणूस कधीच गेला, पण नियम राहिला. त्या नियमावर टेपने तीस वर्षं काढली होती. फटका मारताना डोकं वर उचलणारे, खांदा पाडणारे, रागाने काठी गवतावर आपटणारे, सगळे त्याने बघितले आणि कुणाला चकार शब्द बोलला नाही. म्हणून तर सगळ्यांना तो हवा असायचा. साहेबांना तर बावीस वर्षं दुसरा कॅडी चालला नव्हता.

घरी गेला तेव्हा बायको दाराशी उजेडात बसून काज करत होती. शिंप्याच्या दुकानातून तिच्याकडे सदरे यायचे आणि ती हाताने काज करून, बटणं लावून परत द्यायची. लहानपणी तिचा एक डोळा गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर तिने संसार केला, पोरीचं लग्न लावलं आणि हजारो काजं पाडली. आता त्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवायला शेजारीण यायची, बाकीचं काम बोटंच करायची.

"आलात? झाली का खरेदी?" तिने पावलांवरून ओळखलं. "कुठली घेतली?"

"तीन आणल्यात. त्यातली एक ठेवायची."

"तीन! लग्नाला मुलगी बघायला गेलात तेव्हा एकीवरच भागवलंत, आणि यंत्रं तीन तीन बघता होय?"

तो पिशवी खुंटीला लावून बसला.

"ऐक ना," थोड्या वेळाने तो म्हणाला. "ते ऑपरेशन. जरा पुढं ढकलू या का?"

तिची बोटं थांबली. "का?"

"तसं काही नाही. हवा बरी नाही. महिनाभराने करू."

"अहो, हवेचा आणि डोळ्याचा काय संबंध? मोठ्या दवाखान्यात नंबर लावला तर पुढच्या वर्षीची तारीख दिली त्यांनी. साहेब म्हणाले, एवढं थांबलात तर बुबुळाला धोका आहे. ते स्वतः करतायत, पैशाचं नाव काढू देत नाहीत, आणि तुम्ही आता हवा बघताय?"

"बरं बरं."

"पट्टी सुटली की आधी तुमचं तोंड बघणार आहे मी. लोक म्हणतात, फार म्हातारे झालात."

ती हसली आणि पुन्हा काजाला लागली. टेपला सांगायचं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण काय सांगणार? साहेबांचा हात हलतो म्हणावं, तर ही घाबरून मरेल. नाही म्हणावं, तर दुसरा कोण करणार? आणि आपल्याला तरी काय कळतं? आपण बॅग उचलणारे. दुर्बिणीची दोरी हलली म्हणून एवढ्या मोठ्या डॉक्टरला नालायक ठरवणारे आपण कोण? तो उठला, पेलाभर पाणी प्यायला आणि पेला मुद्दाम हात लांब करून धरून बघितला. पाणी हललं नाही. त्याचंच त्याला वाईट वाटलं. हा हात चेंडू ठेवायला, आणि तो हात डोळ्यात जायला.

रविवारी साहेब खेळायला आले. हवा छान होती, साहेब रंगात होते, मैदानावर भेटेल त्याला "माझा टेप सुट्टीवर चाललाय, म्हणून हे नवं खेळणं" असं सांगत होते. खेळणं मात्र त्यांनी एकदाच डोळ्याला लावलं. सातव्या भोकाला झेंड्याच्या मागे झाडांची रांग होती. साहेबांनी पहिली दुर्बीण लावली, मग दुसरी, आणि दोन्ही टेपच्या हातात दिल्या. "तूच बघत जा. मला काय घाई आहे?"

पिशवीत तिसरी होती. तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

शेवटच्या भोकाजवळ, चेंडू भोकात पडल्यावर साहेबांनी विचारलं, "मग? कुठली ठेवू?"

विचारलं होतं. पण दुर्बिणीबद्दल विचारलं होतं. टेपने पिशवीची गाठ सोडली, बांधली.

"पहिली हलकी आहे," तो म्हणाला. "दुसरीचा हिशेब चांगला आहे."

"ते विक्रेत्याने सांगितलं. तू काय म्हणतोस?"

"अजून एकदा बघू की साहेब. मंगळवारपर्यंत आहेत आपल्याकडे."

"बघ बाबा. मुलगी पसंत करायला वेळ लावावा तसा लावतोयस," साहेब म्हणाले. दोन दिवसांत दुसऱ्यांदा मुलगी बघण्यावरून त्याची थट्टा झाली होती. तो गाडीपर्यंत बॅग घेऊन गेला, बॅग मागे ठेवली आणि धीर करून म्हणाला, "साहेब, गुरुवारी तुम्ही स्वतःच ना?"

"मग काय, कंपाउंडर करणार?" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नकोस रे. वीस मिनिटांचं काम."

गाडी गेली. पाठीवरचा तो हात त्याला बराच वेळ जाणवत राहिला.

सोमवारी गवत कापायचं असायचं म्हणून मैदान बंद. टेप दिवसभर घरी होता आणि घरात पाय ठरत नव्हता. दुपारी त्याने तिसरी दुर्बीण काढली आणि दारातून समोरच्या पाण्याच्या टाकीवर धरली. त्रेसष्ट. मग त्याने मुद्दाम हात हलवला, चांगला हिवताप भरल्यासारखा हलवला. टाकी आतल्या आत किंचित तरंगली आणि पुन्हा जागेवर आली. त्रेसष्टच. त्याने जोरात हलवला. त्रेसष्ट. केवढं डोकं चालवलंय कुणीतरी, त्याला वाटलं. माणसाचा हात हलणार हे आधीच धरून चाललेत आणि त्याला नावंही ठेवली नाहीत.

"मला बघू," बायको म्हणाली. त्याने तिच्या हातात दिली, बटणावर बोट ठेवून दिलं. तिने आपला एकुलता डोळा लावला.

"दिसतंय काही?"

"धुकं," ती म्हणाली. "पण मधे काहीतरी लाल आहे. आकडा आहे का हो तो?"

"हो. त्रेसष्ट."

"शुक्रवारी मी वाचेन," ती म्हणाली आणि दुर्बीण जपून, दोन्ही हातांनी परत दिली.

त्या संध्याकाळी त्याचं ठरलं. ठरलं म्हणजे शूरपणा आला असं नाही, दुसरा काही मार्गच उरला नाही. तोंडाने तो बोलू शकणार नव्हता, ते त्याच्यात नव्हतंच. पण साहेब 'कुठली' म्हणून पुन्हा विचारणार होते आणि त्याचं उत्तर देणं हे त्याचं काम होतं.

मंगळवारी सकाळी साहेब सरावाच्या पट्ट्यावर एकटेच उभे होते. कुणाला हाक नाही, थट्टा नाही. चेहरा उतरलेला होता, रात्रभर झोप नसावी. चेंडू मारत होते आणि चेंडू कुठेही जात होते. टेपला बघून ते थांबले.

"झालं का ठरवून? दुकानात परत द्यायच्यात."

टेपने पिशवी गवतावर ठेवली. आत हात घालून जाड, काळी दुर्बीण काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"ही घ्या साहेब."

साहेबांनी घेतली नाही. दूर कुठेतरी पाण्याचा पंप सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

"ही का?" त्यांनी विचारलं.

आता विचारलं होतं. एकाच वाक्यात सांगायचं होतं.

"हात हलला तरी आकडा हलत नाही हिच्यात."

"कुणाचा हात?"

टेपने खाली बघितलं. साहेबांच्या बुटाजवळ गवताचं एक ढेकूळ उखडलं होतं. ते त्याने पायाने जागेवर बसवलं, वरून दाबलं. मग त्याच्या तोंडून दुसरं वाक्य निघालं आणि तीस वर्षांचा नियम मोडला.

"माझ्या बायकोला एकच डोळा आहे हो, साहेब."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुर्बीण घेतली, खिशात घातली आणि गाडीकडे चालू लागले. बॅग तिथेच राहिली. बावीस वर्षांत ते बॅगशिवाय कधी गेले नव्हते. टेपने बॅग उचलून कॅडींच्या खोलीत ठेवली, काठ्या पुसल्या. पुसून झालेल्या पुन्हा पुसल्या.

बुधवारी काही निरोप आला नाही. ऑपरेशन आहे की नाही, साहेब बोलावतात की हाकलतात, काही कळेना. आपण बायकोचा डोळा वाचवला की शेवटची आशा घालवली, हेही कळेना. तो दोनदा टेलिफोनच्या दुकानापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. बायकोने रात्रीच डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं उशाशी ठेवलं आणि शांत झोपली.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात नाव सांगितलं तर ते यादीत होतं. साहेब नेहमीसारखे आले, बायकोशी बोलले. "घाबरायचं नाही ताई, हलायचं नाही, वीस मिनिटं," म्हणाले. टेपकडे त्यांनी बघितलं नाही. तिला आत नेलं आणि तिच्यामागोमाग साहेबही आत गेले. दार बंद झालं. दारावरचा दिवा लागला.

टेप बाकावर बसला. बाकापासून दारापर्यंत एकोणीस यार्ड. त्याने पुन्हा बघितलं. एकोणीस. दुसरं त्याच्या हातात काही नव्हतं. आपण इथे बसलोय आणि तो हात आत आहे, एवढाच विचार डोक्यात घुमत होता. उठून दार ठोठावावं असं वाटत होतं, पण तो पुन्हा अंतरच मोजत राहिला.

दार उघडलं. दिवा अजून जळत होता. साहेब बाहेर आले. अंगात घरचाच सदरा होता, हिरवा झगा नव्हता, हातमोजे नव्हते. ते चालत आले आणि बाकावर त्याच्याशेजारी बसले. बावीस वर्षांत ते दोघे कधी एका बाकावर बसले नव्हते.

"धाकटे डॉक्टर करतायत," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकलेत. हात चांगला आहे त्यांचा. बोलत नाहीत फारसं. ताईंच्या तोंडावर कापड टाकेपर्यंत मी उभा होतो. त्यांना सांगितलं नाही, घाबरल्या असत्या."

टेपने हात जोडले. साहेबांनी ते खाली केले, आणि खाली करताना त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी तो खिशात घातला नाही. मांडीवर ठेवला आणि दोघेही त्याच्याकडे बघत बसले.

"तुला कधी कळलं?"

"शनिवारी. दुकानात. दुर्बिणीची दोरी हलत होती."

"शनिवारी," साहेब म्हणाले. "सोमवारी एक डोळा गेला माझ्या हातून. शाळेत शिकवतो तो माणूस. दुसरा डोळा शाबूत आहे त्याचा. पण हा गेला."

टेपने मनात दिवस मोजले. शनिवार, रविवार, सोमवार. मोजायला फार वेळ लागला नाही. रविवारी शेवटच्या भोकाजवळ साहेबांनी त्याला विचारलं होतं आणि त्याने पिशवीची गाठ सोडून बांधली होती.

"बोलायचंस रे," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "बावीस वर्षं मागे चालतोस. तुझ्याशिवाय कोण सांगणार होतं मला?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," टेप म्हणाला. हे वाक्य त्याला आजवर कधी लाजिरवाणं वाटलं नव्हतं. आता ते तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला मान वर करवेना.

"मीही स्वतःला विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले. "कंबर, कंबर म्हणत बसलो. दोष तुझ्यावर नाही घालत मी. माझंच आहे ते. आजपासून नाही करणार."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तिसरी दुर्बीण काढली, डोळ्याला लावली आणि दारावर धरली. कोपरापासून हात हलत होता. बारीकसं गुरगुरणं टेपलाही ऐकू आलं.

"एकोणीस," साहेब म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर."

"हलत नाही बघ. चांगली निवडलीस." त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "डोळ्याच्या कामाला असं काही अजून निघालेलं नाही."

दिवा विझला. ढकलगाडी बाहेर आली. धाकटे डॉक्टर मागे होते. त्यांनी साहेबांकडे बघून मान हलवली. नीट झालं, एवढंच त्यात होतं. टेपला रडू आलं आणि ते त्याने दाबलं नाही. बायकोच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. तिने हवेत हात फिरवला, तो त्याने धरला.

"अहो, साहेब आहेत का इथं?"

"आहे ताई," साहेब म्हणाले.

"तुमचा हात किती हलका हो साहेब," ती म्हणाली. "मला कळलंसुद्धा नाही."

साहेबांनी टेपकडे बघितलं. मैदानावर, फटका मारायच्या आधी, आकड्यासाठी बघायचे तसंच बघितलं. टेपजवळ आकडा नव्हता.

"आराम करा," साहेब म्हणाले.

ढकलगाडी निघाली. टेप तिचा हात धरून बाजूने चालू लागला. वळणावर त्याने एकदा मागे बघितलं. साहेब बाकाजवळ उभे होते. मनगटात अडकवलेल्या दुर्बिणीची दोरी हलत होती, आणि दुसऱ्या हाताने ते ती धरायचा प्रयत्न करत होते.